स्मोकरमध्ये काय जाळता? (सातेरी माशी, गोवा)

कुळागर

नमस्कार मंडळी. सावईवेऱ्याला आमचं लहानसं कुळागर आहे. माड, पोफळी, थोडी मिरी आणि सातेरी मधमाश्यांच्या पाच पेट्या. आता चार राहिल्या. पाचवी कशी गेली ते सांगतो, कारण त्यातूनच माझा प्रश्न निघालाय.

दसऱ्यानंतर पाऊस थांबला म्हणून पेट्या तपासायला काढल्या. स्मोकरमध्ये, म्हणजे माश्या शांत करायच्या धुराच्या भांड्यात, दरवर्षीप्रमाणे नारळाचं सोडण घातलं. वरून सुकं वाटत होतं, पण चार महिने पडवीत पडून आतून ओलसर राहिलेलं. दुसरी पेटी होईतो विझलं. तिसरीची चौकट हातात आणि माश्या मोज्यांवर आपटायला लागल्या. घाईघाईत पडवीतलं एक जुनं किंतान (तागाचं पोतं) फाडून आत कोंबलं आणि भाता दाबत सुटलो. धूर आला भरपूर. पिवळट होता, डोळे चुरचुरवणारा, रॉकेलसारखा वास. माश्या शांत व्हायच्या सोडून चौकटींवरून सैरावैरा धावायला लागल्या आणि झाकणाच्या आतल्या बाजूला घोस करून लटकल्या. मी पेटी बंद केली.

चौथ्या दिवशी पेटी रिकामी. मध सगळा उचललेला, पिल्लं मात्र तशीच मागे. झाकलेली दोन-चार घरं सुईने उघडून बघितली. आत पांढऱ्या कोषातल्या माश्या होत्या, अंग दुधासारखं आणि डोळे नुकते जांभळे व्हायला लागलेले. ते बघून दोन दिवस पेट्यांकडे जावंसंच वाटलं नाही.

तर गोव्याच्या हवेत तुम्ही स्मोकरमध्ये काय जाळता? पावसाळ्यानंतर ते सुकं कसं ठेवता? किंतान वापरणारे बरेच जण आहेत, मग माझंच काय चुकलं?

सुरंगी

फार वाईट वाटलं वाचून. जाणकार मंडळी सांगतीलच, मी सवडीने लिहिते.

घाटमाथा

कुळागर बाब, सत्तरीत वीस वर्षं सातेरी पाळतोय. तुमच्यासारखीच एक पेटी मीही गमावली आहे, त्यामुळे तुमचं दुःख कळतं.

आधी किंतानाबद्दल. ताग नरम पडावा म्हणून गिरणीत त्यावर तेल मारतात. साध्या गोण्यांना खनिज तेल असतं. तुम्हाला आलेला रॉकेलचा वास त्याचाच असणार. कॉफी-कोकोसारख्या खाण्याच्या मालाच्या गोण्यांना वनस्पती तेल वापरतात, पण आपल्या हातात आलेली गोणी कुठली हे कळायला मार्ग नसतो. त्यात ती आधी कशासाठी वापरली, तिच्यात कीटकनाशकाची पावडर मारलेलं बियाणं होतं का, शिवणीला प्लॅस्टिकचा दोरा आहे का, हे सगळं आलंच. मी किंतान वापरतो, पण ज्याचा जन्म मला माहीत आहे असंच. घरच्या भाताचं पोतं दोन पावसाळे बाहेर टाकायचं, धुऊन निघू द्यायचं, उन्हात कडकडीत करायचं आणि मगच त्याच्या पट्ट्या कापायच्या. वास घेऊन बघायचा. नाकाला तेल लागलं तर ते पोतं पायपुसण्याला.

पण माझ्या मते तुमची पेटी किंतानाने जेवढी गेली त्याहून जास्त स्मोकर विझल्यामुळे गेली. विझल्यावर माणूस घाबरतो, मिळेल ते आत कोंबतो आणि जोरजोरात भाता मारतो. जोरात भाता मारला की आतला निखारा फुलतो आणि नळीतून धुराऐवजी गरम झळ बाहेर पडते. मेलिफेरा, म्हणजे पेटीतली परदेशी माशी, कदाचित ते सोसेल. सातेरी सोसत नाही. तिला जास्त धूर झाला की ती चौकटीवर थांबत नाही, पळते, आणि पळायची एकदा सवय लागली की घर सोडून जाते. तुमच्या पेटीत पिल्लं मागे राहिली हीच खूण बघा. खाणं संपल्यावर किंवा मोसम बदलल्यावर सातेरी जाते तेव्हा आधी पिल्लं काढायची थांबवते, असलेली बाहेर येऊ देते आणि मग उठते. भरल्या पिल्लांवरून उठली म्हणजे भयाने उठली.

म्हणून मी जळण निवडताना धूर किती येतो ते बघतच नाही. पेटवून, भाता न मारता स्मोकर वीस मिनिटं उभा ठेवायचा. परत आल्यावर एका हलक्या दाबात गार पांढरा धूर आला तर ते जळण माझं. जे पाठ फिरवल्यावरही जिवंत राहतं त्याचाच धूर तुम्ही मोजून देऊ शकता.

खाजन

घाटमाथा काकांच्या मुद्द्याला एक जुनी गोष्ट जोडतो. भात्याचा स्मोकर अमेरिकेत मोझेस क्विन्बी यांनी १८७३ साली काढला. त्याआधी लोक तोंडाने धूर फुंकत किंवा धुमसतं लाकूड पोळ्याजवळ धरत. क्विन्बींच्या स्मोकरची अडचण अगदी कुळागर यांच्यासारखीच होती. खाली ठेवला की विझायचा. काही वर्षांनी टी. एफ. बिंगहॅम यांनी भाता आणि नळकांडं यांच्यात थोडी फट सोडली. त्यामुळे भाता न दाबताही खालून हवा आपोआप खेचली जाते आणि निखारा जागा राहतो. आपण आज वापरतो तो स्मोकर याच बेताचा आहे.

आता घरी जाऊन आपापला स्मोकर बघा. भात्याचं भोक आणि नळकांड्याच्या तळाचं भोक समोरासमोर आहेत का? तळाची जाळी जागेवर आहे का? ते भोक काजळीच्या डांबराने बुजलेलं असतं. माझ्याकडे एकाने "सोडण जळत नाही" म्हणून स्मोकर आणून दिला होता. खिळ्याने भोक खरवडलं तर करंगळीएवढा काळा गोळा निघाला. त्यानंतर तेच सोडण तासभर चाललं. आणि पेट्यांमध्ये काम करताना स्मोकर उभाच ठेवायचा. आडवा ठेवला की ओढ बंद होते.

वायंगण

वाचतोय. एक प्रश्न, चुकीचा वाटला तर सांभाळून घ्या. डासांच्या कॉइलचा तुकडा आत टाकला तर? धूर कमी, वासही ओळखीचा.

खाजन

वायंगण, कृपा करून कधीच टाकू नका. कॉइलमध्ये पायरेथ्रॉइड गटाचं कीटकनाशक असतं. डासाला मारतं ते माशीलाही मारतं. उदबत्ती, कापूर, धूप हेही नको, त्यांत काय काय मिसळलेलं असतं ते पुडक्यावर लिहिलेलं नसतं. तंबाखू आणि विड्यांची थोटकं काही जुने लोक वापरत. निकोटिन हे स्वतःच कीटकनाशक आहे.

वायंगण

बरं झालं विचारलं. हात जोडून आभार.

सुरंगी

आले. मी काणकोणची, पेट्या समुद्रापासून फार लांब नाहीत. माझं जळण सुरूच्या काड्या. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात जमिनीवर तपकिरी गालिचा पडलेला असतो तोच. परदेशातले मधपाळ पाइनच्या सुया वापरतात, त्यांच्या जागी मला ह्या सापडल्या. लगेच पेट घेतात, धूर पांढरा आणि गोडसर. पण एकट्या काड्या भराभर संपतात, शिवाय घट्ट भरल्या नाहीत तर ज्वाळ धरतात. म्हणून खाली सोडणाचा पिंजलेला गोळा पेटवते, तो लाल झाला की वर सुरूच्या काड्या मुठीने दाबून भरते आणि सगळ्यात वर ओल्या हिरव्या गवताची जुडी. ही जुडी विसरायची नाही. ठिणगी तिथेच अडते आणि धूर गार होऊन बाहेर येतो. काड्या भरतीच्या रेषेच्या वरून गोळा करते आणि चाळून घेते, नाहीतर वाळू जाळीत बसते.

पेटीवर धरण्याआधी प्रत्येक वेळी मनगटाच्या आतल्या बाजूवर धूर सोडून बघते. मला चटका तर माशीला भाजणारच. सहा वर्षांत ही एक सवय मी मोडलेली नाही.

दुसरं आगीचं, आणि हे मला मनापासून सांगायचंय. फेब्रुवारीत काजूच्या डोंगरावर पेट्या नेल्या होत्या. काम झालं, स्मोकर रिकामा करताना राख विझलीय असं समजून दगडावर ओतली. एक निखारा घरंगळत करडात गेला. मी आणि माझा भाऊ ओल्या गोणीने झोडत सुटलो म्हणून दहा-बारा हातांवर आटोक्यात आली. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या जंगलात आगी लागल्या होत्या आणि हवाई दल, नौदलाची हेलिकॉप्टरं वरून पाणी ओतत होती ते आपण सगळ्यांनी बघितलंय. तेव्हापासून माझ्यासोबत पाण्याची बादली असतेच. राख बादलीत, मगच जमिनीवर. आणि मधे थांबायचं असेल तर नळीच्या तोंडात ओल्या पानांचा बोळा.

कुळागर

ताई, बादलीचं लक्षात ठेवलं. घाटमाथा काका, सोडण पावसानंतर सुकं कसं ठेवता ते सांगाल का?

घाटमाथा

सांगतो. सोडण एप्रिल-मेमध्येच तयार करायचं, ऑक्टोबरात नव्हे. नारळ सोलला की सोडणाची बाहेरची गुळगुळीत टणक साल सोलून टाका. उरलेलं दगडावर ठेवून काठीने कुटा आणि झटका. तांबूस भुसा सुटेल. तो भुसाच तुमचा वैरी. स्पंजासारखा पाणी धरून बसतो आणि पावसाळ्यात हवेतली ओलही ओढतो. भुसा गेला की उरतात ते चिवट तंतू. ते मधमाश्यांसाठी सोनं आहेत. तीन कडक उन्हं द्यायची, मग झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून चुलीवरच्या माळ्यावर. चूल नसेल तर डबा घट्ट बंद करून घरात. मात्र वापरायच्या आदल्या दिवशी दुपारभर ऊन दाखवा. बोटांत चुरडलं की कुरकुर आवाज यायला हवा.

भरताना सैल-घट्ट याला महत्त्व आहे. पहिला गोळा सैल, त्याला भाता मारून चांगला लाल करायचा, अगदी ज्वाळ दिसेपर्यंत. दुसरा थोडा घट्ट. तिसरा अंगठ्याने दाबून. बहुतेक जण पहिला गोळा नीट लागायच्या आधीच वरून भरतात आणि मग विझला म्हणून जळणाला दोष देतात.

करवंटी घालू नका. ती निखारा होते, धूर कमी आणि उष्णता फार.

सह्यवाट

शेणी (गोवऱ्या) कशा काय कोणी सुचवल्या नाहीत? आमच्या सांग्याच्या भागात पूर्वीपासून शेणीच. मुठीएवढा तुकडा एकदा पेटला की तासभर हलत नाही, वारा असो की दव. मी तर म्हणेन घाटमाथा बाबांच्या वीस मिनिटांच्या परीक्षेत शेणीच पहिली येईल.

घाटमाथा

तुमचं बरोबर आहे, टिकण्याच्या बाबतीत शेणीला तोड नाही. पिल्लांच्या कोठीची तपासणी असेल तेव्हा मीही खाली एक तुकडा ठेवतो. पण मधाच्या चौकटी काढायच्या दिवशी नाही. मध वास धरतो. एका वर्षी काजूच्या मोसमातला मध काढताना शेणीचा धूर जरा सढळ गेला. बरणी उघडली की आधी धूर आणि मागून मध, असं झालं. घरी खाल्ला, विकला नाही. त्या दिवशी सोडणसुद्धा बेताने. झाकण उघडल्यावर दोन फुंकर, माश्या खाली सरकल्या की धूर बाजूला.

सह्यवाट

हे पटलं. आमच्याकडे मध घरातच खपतो, त्यामुळे वासाकडे कधी लक्ष गेलं नाही. पुढच्या वेळी काढणीला सोडण वापरून बघेन.

वायंगण

काजूची टरफलं? आमच्याकडे भट्टीच्या मागे ढीग पडलेला असतो. फुकट आणि कोरडा.

सुरंगी

नको रे बाबा! घरी बिया भाजताना त्या धुराने डोळे सुजतात, अंगाला खाज सुटते, आठवतंय ना? टरफलात जे तेल असतं ते बिब्ब्याच्या जातीचं. भाजताना आपण वाऱ्याच्या उलट बाजूला उभे राहतो, आणि माशीला पेटीच्या आत कोंडून तोच धूर द्यायचा?

खाजन

सुरंगी यांच्याशी पूर्ण सहमत. काजूच्या बागेतला पालाही मी घेत नाही. मोहोराच्या वेळी ढेकण्या किडीसाठी फवारण्या होतात आणि कोणत्या झाडावर कधी काय मारलं हे शेजाऱ्याच्या बागेत आपल्याला कळत नाही. कण्हेरीच्या वाळक्या काड्या तर चुकूनही नकोत, पूर्ण झाड विषारी. रंगीत छपाईचे कागद, प्लायवूडचा भुसा, गोंद लावलेले पुठ्ठे ह्यांतही नको ती रसायनं असतात. सुताराकडचा साध्या लाकडाचा रंधा केलेला भुगा चालतो, फक्त तो बारीक असल्याने ठिणग्या उडतात.

कुळागर, तुमच्याकडे पोफळी आहेत म्हणून एक विचारतो. गळून पडलेल्या विऱ्या (झावळीच्या बुडाची पोय) जाळता का?

कुळागर

हो, कधीकधी सोडणासोबत फाडून घालतो. छान धुमसतात. का?

खाजन

पावसाळ्यात सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी सुपारीच्या घोसांवर बोर्डो मिश्रण मारत असाल. म्हणजे मोरचूद आणि चुना. जुलै ते सप्टेंबरमध्ये पडलेल्या विऱ्यांवर त्याचे निळसर डाग दिसतात. त्या जळणात नकोत. उन्हाळ्यात पडलेल्या, स्वच्छ विऱ्या वेगळ्या रचून ठेवा, त्या चालतील.

कुळागर

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता पडवीत जाऊन बघितलं. ढिगातल्या अर्ध्याअधिक विऱ्यांवर निळी झाक आहे. सगळ्या बाजूला काढल्या.

खाजन

धूर नेमका काय करतो हेही लिहून ठेवतो, म्हणजे किती द्यायचा ते आपोआप उमगेल. माशी डंख मारते तेव्हा डंखाजवळून धोक्याचा गंध सुटतो. त्यातलं मुख्य रसायन आयसोपेंटाइल अॅसिटेट, वास पिकलेल्या केळ्यासारखा. (पेटी उघडण्याआधी केळं खाऊ नये म्हणतात ते ह्यामुळेच.) तो गंध मिळाला की बाकीच्या माश्या धावून येतात. धुरामुळे त्यांच्या मिशांची गंध ओळखायची ताकद काही काळ मंदावते आणि दहा-वीस मिनिटांत परत येते. शिवाय धुराची चाहूल लागली की माश्या मध पिऊन घेतात. म्हणजे दारातून दोन-तीन हलके झोत, मग मिनिट-दोन मिनिटं हात मागे बांधून थांबायचं. हे थांबणंच लोक विसरतात. डंख बसलाच तर तिथे लगेच थोडा धूर द्यायचा, तेवढ्यापुरता.

आणि तोंडाने फुंकर मारून माश्या हटवू नका. आपल्या श्वासाने त्या जास्त चवताळतात.

चुडत

पहिल्यांदाच लिहितेय. पेडण्याला माझ्या दोनच पेट्या आहेत. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत शिकून आले तेव्हापासून. मी सकाळी नवाच्या सुमारास, ऊन कोवळं असताना उघडते आणि बऱ्याचदा स्मोकरऐवजी फुलझाडांवर मारायच्या फवाऱ्यातून साध्या पाण्याचं बारीक तुषार देते. सातेरी पंख मिटून चौकटीला चिकटते. स्मोकर पेटवून शेजारी तयार असतो, पण निम्म्या वेळा लागतच नाही. पाऊस असताना किंवा गार सकाळी पाणी नको, पिल्लांना थंडी बसते.

घाटमाथा

चांगली पद्धत आहे, पोरी. दोन-चार पेट्यांना उत्तम. पण स्मोकर तयार ठेवतेस ते कधी सोडू नकोस.

वायंगण

एक शेवटचं. आमच्या आवाठात (वाड्यात) वडाच्या झाडावर आग्या मोहोळ लागलंय. ह्याच स्मोकरने त्याला हटवता येईल?

घाटमाथा

नाही. त्याच्या वाट्याला जाऊ नका. आग्याची माशी सातेरीच्या कितीतरी मोठी, पोळं उघड्यावर, आणि चिडली तर लांबवर पाठलाग करते. पूर्वी लोक चूड पेटवून मध काढत, त्यात हजारो माश्या होरपळून मरत. मोसम संपला की आग्या आपण होऊन उठून जातो. तोवर खाली पोरांना दगड मारू देऊ नका आणि झाडाखाली पालापाचोळा पेटवू नका.

कुळागर

पंधरा दिवसांनी परत लिहितोय. सोडण कुटून, भुसा झटकून, दोन दिवस ऊन दिलं. स्मोकरचं भोक खिळ्याने साफ केलं, खाजन म्हणाले तसा काळा गोळा निघाला. आधी पेट्यांपासून लांब, अंगणात पेटवून वीस मिनिटं उभा ठेवला आणि आत जाऊन चहा घेतला. परत आलो तर नळीतून बारीक धार येत होती. मनगटावर धरली, गार.

मग उरलेल्या चारांतली सगळ्यात चिडकी पेटी उघडली. दाराशी दोन झोत, दोन मिनिटं थांबलो, वरून एक. पूर्ण तपासणीत त्याखेरीज एकदाच द्यावा लागला, चौकट उचलताना एक माशी चिरडली तेव्हा. चार चौकटी नीट बघता आल्या. राणी दिसली नाही, पण तिसऱ्या चौकटीत मधोमध, घरांच्या तळाशी, उभी ताजी अंडी होती.

रिकामी पेटी धुऊन उन्हात ठेवली आहे. नवा थवा यावा म्हणून जुन्या चौकटींतलं मेण आत चोळून ती जांभळीखाली टांगू म्हणतो. ताईंच्या सुरूच्या काड्यांसाठी येत्या रविवारी मिरामारच्या किनाऱ्यावर जाणार आहे.

सुरंगी

रस्त्याकडेच्या घेऊ नका, आतल्या बाजूच्या घ्या. आणि चाळणी सोबत न्या.